पाण्यातली सीतादही

आमच्या घरात माशांची काचपेटी आली ती कुणाला मासे पाळायची हौस होती म्हणून नव्हे, तर रशीदचाचांना दुकानात पाय ठेवायला जागा हवी होती म्हणून. पुसदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बाबांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला भिंत लागून चाचांचं काचेचं. फोटोला फ्रेम, खिडकीला काच, कपाटाला सरकती दारं, असा त्यांचा धंदा. एका कापडवाल्याने नव्या दुकानात शोभेसाठी अडीच फुटांची पेटी करायला सांगितली आणि कापसाचा हंगाम बसल्यावर नवं दुकानच रद्द केलं. कापूस बसला की आमच्याकडे सगळंच बसायचं. लग्नं पुढे जायची, शिंपी रिकामे दिसायचे, पेढेवाला पेढ्यांचा ट्रे अर्धाच भरायचा. चाचांनी दोन महिने ती पेटी आल्यागेल्याला दाखवली, तीनदा तिच्यावर गुडघा आपटून घेतला आणि एका दुपारी बाबांना म्हणाले, "बंडूभाई, ये घर ले जाव. बेटी सायन्स पढती है, उसके काम आयेगा. नाही तं मी याच्यात लोणचं घालतो!" बाबा पेटी हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. आईने दारातच विचारलं, "आता हे कायले आणलं?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे टिनाचा व्हरांडा. सकाळी व्हरांड्यात बाबा एखादा पंप उघडून बसलेले असत. दट्ट्या वरखाली करून ते कान लावत आणि आतून फुस्स असा आवाज आला की पंपाला शिवी देत. पलीकडच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा पूर्वी दिवसातून तीनदा वाजायचा, आणि आईची भाजी त्या भोंग्यावर फोडणीला पडायची. त्या वर्षी कारखाना बंद, भोंगा वाजलाच नाही. पहिला महिनाभर आमच्याकडे जेवण कधी अकराला तर कधी दीडला होत असे, आणि बाबा म्हणत, "त्यापेक्षा एखादा कोंबडा पाळू."

त्याच उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आली. ती बाबांची थोरली बहीण, बोरी अरबची. नवरा माझ्या जन्माआधीच आजारात गेलेला, मूलबाळ नाही. चार एकर कापसाचं वावर तिने एकटीच्या जिवावर वीस वर्षं ओढलं होतं. आदल्या दोन वर्षांत अळीने बोंडं पोखरली आणि जो कापूस हाती आला त्याला भाव असा की वेचणाऱ्या बायांचंही भागेना. बाबा स्वतः गेले, वावर तिच्या पुतण्याला मक्त्याने कसायला लावून दिलं आणि तिला म्हणाले, "बस झालं ताई. आता बसून खा." बसून खाणं हे एवढं एकच काम तिला येत नव्हतं. ती चारला उठायची, आमचं अंगण झाडून झालं की शेजारच्यांचं झाडायची, मग आख्ख्या गल्लीचं. निवडलेली तूरडाळ पुन्हा निवडायची. आईच्या स्वयंपाकघरात दोन बायका मावत होत्या, दोन मतं मावत नव्हती. पण आत्याने गोळाभात केला की आईसुद्धा गप्प होई. भरड्या डाळीचे तिखट गोळे भातात वाफवलेले, वरून हिंग-मोहरीची कडकडीत तेलाची धार. तसा गोळाभात मला नंतर कुणाकडे मिळाला नाही आणि स्वतःला जमला नाही. गोळे फुटतात. माझ्या सुनेला वाटतं ते फुटायचेच असतात.

मी अकरावी सायन्सला होते. पेटीत मासे असावेत हे सगळ्यांनाच मान्य होतं, वाद होता तो झाडांचा. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी पेटी पाहिली होती. तिच्यात गुलाबी आणि जांभळी प्लास्टिकची झाडं होती, त्यांच्यावर शेवाळाची साय धरलेली, आणि मासे त्या झाडांकडे पाठ करून राहायचे. माझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र पाण्यातल्या खऱ्या झाडांची चित्रं होती. हायड्रिलाच्या फांदीतून उन्हात बुडबुडे निघतात, तो प्राणवायू, असं लिहिलेलं. मला ते बुडबुडे घरात हवे होते. सोळाव्या वर्षी माणसाला काय हवंसं वाटेल याला काही धरबंध नसतो. मैत्रिणींना सलवारीला मॅचिंग ओढणी हवी होती, मला बुडबुडे.

बाबा मला लुनावर मागे बसवून धरणाच्या कॅनॉलवर घेऊन गेले. बादलीभर झाडं आणली. एक हायड्रिला आणि एक रिबिनीसारखी लांब हिरवी पात असलेलं. ते पुस्तकातलं व्हॅलिस्नेरिया, हे मी रस्ताभर बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. आत्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"नंदे, आम्ही जलमभर वावरातलं गवत उपटलं, आन् तू पैदा करून राह्यली?"

पहिला प्रयोग बाबांचा. आपल्या काळ्या मातीसारखी माती जगात नाही, असं आमच्या जिल्ह्यात लहान पोरही मानतं. बाबांनी आमच्या वस्तीमागच्या वावरातून घमेलंभर काळी माती आणली, वीतभर थर दिला, मी झाडं खोचली आणि वरून बादलीने पाणी ओतलं. आठ दिवस पेटीत बिनदुधाचा चहा होता. गल्लीतले लोक येऊन काचेला नाक लावायचे आणि "मासे दिसत नाहीत" म्हणायचे. मासे नव्हतेच, पण ते सांगायची आम्हाला लाज वाटत होती. मग ती माती उपसून दुसरा प्रयोग, पूस नदीची नुसती रेती. ती मी वीस पाण्यांनी धुतली. पाणी आरशासारखं झालं आणि झाडं उपाशी पोरांसारखी पिवळी पडली. तिसरा प्रयोग पुन्हा बाबांचा. पंपाच्या धंद्यामुळे त्यांच्याकडे रोज शेतकरी येत, आणि कुठल्याही पिवळ्या पानावर त्या सगळ्यांचा एकच इलाज होता. बाबांनी मला न सांगता चिमूटभर युरिया टाकला. बाबांची चिमूट म्हणजे पंप खोलणाऱ्या माणसाची चिमूट. चार दिवसांत पाणी असं गर्द हिरवं झालं की आई म्हणाली, यात आता पालकाची भाजीच टाका.

तोवर आत्या लांबून बघत होती. त्या दिवशी तिने पदर खोचला.

"पऱ्हाटीले बी इतका युरिया कोणी देत नाही बंडू," ती म्हणाली. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. "सरका तिकडे. तुमच्यानं नाही होत हे."

तिने पेटी रिकामी केली. काळी माती घेतली, पण चाळून, दगड-मुळ्या काढून, आणि थर दिला फक्त दोन बोटं. त्यावर रेती चार बोटं. मग रेतीवर आईचं जेवायचं ताट पालथं ठेवलं आणि तांब्याने त्या ताटावर हळूहळू पाणी सोडलं. "रोपाच्या बुडाशी असंच सोडा लागते, धार मारली की माती उठते." तासाभराने पेटी भरली तर पाणी स्वच्छ! मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. पेटी आतल्या काळोख्या कोपऱ्यातून काढून पूर्वेच्या खिडकीखाली ठेवायचं तिनेच ठरवलं. सकाळचं दोन तास ऊन, मग सावली. पहिल्या आठवड्यात पानं कुजायला लागली तेव्हा मी रडकुंडीला आले, तर ती म्हणाली, "लावलेल्या रोपाचं पहिलं पान जातेच. त्याले मूळ धरू दे. उपटून उपटून पाहू नको." मी उपटून उपटून पाहत होते हे तिला कसं कळलं कोण जाणे. आज माझ्याकडे लोक विचारायला येतात, ताई, पाण्यातली झाडं कशी लावायची. मी त्यांना जे सांगते त्यातलं ऐंशी टक्के आत्याचं आहे. उरलेलं पुस्तकातलं, आणि ते बहुतेक विसरलं तरी चालतं.

मूळ धरलं. रिबिनीच्या झाडाने रेतीखालून धावती फांदी काढली, तिच्या टोकाला नवं पिल्लू, त्याच्यापुढे आणखी एक. हायड्रिला वाढून पाण्यावर आला की आत्या शेंडे खुडायची आणि तेच शेंडे शेजारी लावायची. मासे हिवतापवाल्यांनी फुकट दिले. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात ते गप्पी मासे, अकरा होते. बाबांचा फक्त एक नियम होता. "दुकानातली वापरलेली नळी या पाण्यात बुडवली तं याद राखा. तिच्यातून काय काय गेलं हाय ते मले माहीत." आत्या पेटीसमोर पाट टाकून बसायला लागली. डाळ निवडायची ती तिथे, लसूण सोलायची तो तिथे. मी कॉलेजातून आले की अहवाल तयार असे. कोणता मासा कोणाच्या मागे लागला, कोणत्या झाडाला किती पिल्लं. गल्ली झाडायची तिने बंद केली. आईने ते माझ्या आधी ओळखलं होतं. ती एकदा मला भाकरी वाढताना म्हणाली, "तुह्या त्या गवतानं माह्या नणंदेले जीव लावला."

दसऱ्यानंतरची गोष्ट. रिबिनीच्या झाडाने स्प्रिंगसारखी वळलेली बारीक दोरी पाण्याच्या वरपर्यंत पाठवली आणि तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं पांढरं फूल आलं. दुसऱ्या दिवशी बुडातून पांढरे कण सुटून पाण्यावर तरंगायला लागले, ती नर फुलं. पुस्तकातलं चित्र माझ्या घरात घडत होतं आणि मी नाचत प्रॅक्टिकलला गेले.

आता इथे सीतादहीचं सांगायला हवं, कारण विदर्भाबाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. वावरात पहिलं बोंड फुटून पांढरं दिसलं की कापूस वेचायच्या आधी घरची बाई वावरात जाते. पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो पिकावर शिंपडते. त्याशिवाय पहिला कापूस घरात येत नाही. आत्याने वीस वर्षं एकही सीतादही चुकवली नव्हती. त्या वर्षी तिचं वावर दुसऱ्याच्या हातात होतं.

मी संध्याकाळी घरी आले तर पेटीच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं. आत रेतीवर ओळीने सात खडे. पाणी ताकासारखं पांढुरकं, त्यात भाताची शितं, आणि दह्याचा आंबूस वास. ऑक्टोबरच्या उन्हात ते दिवसभर नासत होतं. अकराही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. आत्या पाटावर बसली होती, अंगावर धुतलेलं लुगडं, आणि तिचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"पाह्य ना माय," ती म्हणाली, "सारे वर आले. परसाद खाऊन राह्यले!"

मी दप्तर फेकलं. त्यांना श्वास मिळत नाही, ते मरताहेत, असं काहीतरी ओरडले. तिला समजेना. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पांढरं फुटलं होतं, म्हणून... मी सकाळी वाटीभर..." आणि मी म्हणाले, "वावर तं बुडवलंच तुनं, आता हे बी बुडवलं!"

आई आतून "नंदे!" म्हणून ओरडली. बाबा दारात होते, त्यांनी ऐकलं. आत्याने कुंकवाची बोटं पदराला पुसली.

बाबा उलट्या पावली दुकानात गेले आणि कोरी नळी व अजून कागदातच असलेला नवा पंप घेऊन आले. नळीने आम्ही निम्मं पाणी काढलं, शितं वेचली, ताटावरून स्वच्छ पाणी सोडलं. मग बाबांनी पंपात स्वच्छ पाणी भरलं, पाठीवर चढवला आणि पेटीवर बारीक तुषार मारत उभे राहिले, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. शेजारचे गृहस्थ खिडकीतून डोकावले आणि ओरडले, "बंडूभाऊ, घरात कोणती अळी आली?" एरवी यावर आमच्या घरी आठवडाभर हसणं चाललं असतं. त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. सकाळी सहा मासे मेलेले होते, पाच जिवंत. आणि आत्याचा पाट रिकामा होता. ती पहिल्या गाडीने बोरीला निघून गेली होती. आईला एवढंच सांगून, की कापूस वेचायचे दिवस आहेत, पुतण्याला बाया मिळत नसतील.

घरात मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. बाबांनी पंप खोलून बसणं चालू ठेवलं, आईने डाळ स्वतः निवडायला घेतली. मी रोज थोडं थोडं पाणी बदलत होते आणि मनात ते वाक्य सारखं वाजत होतं. ती परत येणार नाही आणि ते माझ्यामुळे, हे मला पक्कं कळलं होतं. आठव्या दिवशी मी बाबांना म्हणाले, मी तिला आणायला जाते. ते म्हणाले, "जा. पण आणायले जाऊ नको, भेटायले जा."

दिग्रस, दारव्हा करत बोरी अरब आलं तेव्हा दुपार झाली होती. घराला कुलूप होतं. मी वावरात गेले. चार बाया ओळीने कापूस वेचत होत्या, कमरेला कापसाने फुगलेल्या ओट्या बांधून, आणि त्यातली एक आत्या होती. स्वतःच्याच वावरात, पुतण्याच्या मजुरीवर. माफीची दोन वाक्यं मी दिग्रसपासून पाठ केली होती. ती मला बघून थांबली. हातातला कापूस ओटीत टाकला आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघायच्या आत तिने विचारलं, "मासे किती वाचले?"

"पाच," मी म्हणाले.

ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, खाली बसली. "सहा मेले माह्या हातानं," म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. वावर गेलं तेव्हा ती रडली नव्हती, हे मला बाबांनी सांगितलेलं होतं. "मले वाटलं खाऊन राह्यले. जीव जाऊन राह्यला होता आन् मी हासून राह्यली होती, नंदे." मी तिच्याजवळ बसले. माझं पाठ केलेलं सगळं पोटातच राहिलं. त्या रडण्यावर माझी माफी टाकली असती तर ती माझ्यासाठीच टाकली असती, एवढं त्या वयातही मला कळलं. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे, दह्याने पाणी नासतं हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते खरं होतं, पण मी जे बोलले होते त्याची माफी ती नव्हती. तिने डोळे पुसले, मला ज्वारीची भाकर आणि तेल घातलेली तिळाची चटणी खायला दिली, आणि म्हणाली, "वेचणी झाली की येतो." मला खरं वाटलं नाही. बायका असं म्हणतात आणि येत नाहीत.

ती आली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, आम्ही सगळे व्हरांड्यात होतो, रशीदचाचाही चहाला आलेले. आई तांब्या-पेला घेऊन पुढे झाली. आत्याने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आईच्या हातातलं पाणी घेतलं नाही आणि सरळ आत पेटीपाशी गेली. आम्ही मागोमाग. झाडांनी पेटी भरून गेली होती आणि पाच मासे पातीतून ये-जा करत होते. आत्याने पदर डोक्यावरून नीट घेतला, हात जोडले आणि त्या पाच माशांना, आमच्या सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाली, "चुकली रे बाप्पा हो माही. मले माफ करा."

कुणी हसलं नाही. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आणि मी, जी पाच तासांचा प्रवास करून दोन वाक्यांसाठी गेले होते आणि ती न बोलताच परत आले होते, तिच्याशेजारी उभी राहिले.

"आत्या, त्या दिवशी मी तुले लय वाईट बोलली. वावर तुनं नाही बुडवलं."

ती वळली. मग माझ्या गालावर तिने हात ठेवला. बोंडांनी ओरखडलेला तो हात मला अजून जाणवतो.

"नाही बुडवलं ना?" तिने विचारलं. तिला ते खरंच माहीत नव्हतं.